धुतल्यावर जाईल

सिनेमात तुम्ही काय करायचात, असं कुणी विचारलं की मी सांगते, कपडे मळवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं बाई थट्टा करतेय. पण तीस वर्षं मी तेच केलं. दुकानातून आलेला कोराकरकरीत सदरा तीन दिवसांत दहा वर्षांचा करायचा. कॉलर पॉलिशपेपरनं घासायची, कोपरं तारेच्या ब्रशनं विरवायची, काखेत चहाचे डाग पाडायचे. पांढरं कापड कॅमेऱ्यासमोर तसंच्या तसं कधीच न्यायचं नाही, ते डोळ्यांवर येतं. पातळ चहात बुडवून काढलं की पडद्यावर ते पांढरंच दिसतं, पण माणसाचं दिसतं.

मी बीडच्या रंगाऱ्याची मुलगी. अब्बांची भट्टी जुन्या गावात होती. लग्नाचे शेले, म्हाताऱ्यांचे फेटे, विटलेली लुगडी, सगळं आमच्या कढईतून जायचं. लग्न होऊन पुण्याला गेले, तिथं एका नाटकवाल्यांना पडदा रंगवून दिला, आणि तिथून सिनेमात कधी शिरले ते माझं मलाच कळलं नाही. तो इतिहास सांगत बसत नाही.

धंदा समजावा म्हणून एकच सांगते. एका सिनेमात नवऱ्याच्या घरात हळूहळू विझत जाणारी बाई होती. तिला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच हळदी रंगाची साडी द्यायची, असं ठरलं. मी तशा सात साड्या घेतल्या. पहिली तशीच ठेवली, दुसरी एक हात धुतली, तिसरी सोड्यात टाकली, असं करत सातवी अशी केली की ती हळदी आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये. प्रेक्षकाला बदललेली साडी दिसत नाही. त्याला फक्त मनात काहीतरी खाली खाली जातंय असं वाटतं. लोक म्हणाले, काय तो चेहरा उतरत गेलाय. चेहरा कसला उतरतोय, तिची सगळी कामं बारा दिवसांत उरकली होती, आणि रोज ती जेवून-खाऊन मजेत असायची. उतरली ती साडी. बक्षीस चेहऱ्याला मिळालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आपलं काम दिसलं नाही म्हणजे ते बरोबर झालं, हे मी फार लवकर शिकले होते.

आणि एक नट होता. हमालाचं काम करत होता. त्याची बनियन मी तीन दिवस खपून मळवली होती. चौथ्या दिवशी ती नीळ घालून, इस्त्री करून सेटवर आली. म्हणाला, "ताई, घामाचा वास येत होता हो." घाम नव्हताच तो. ग्लिसरीन आणि चहा. स्वतःच्या घामाचा वास आला असेल त्याला.

संपादकांनी माझ्याकडे 'रंगतदार अनुभव' मागितले होते. असे गमतीचे अजून पंचवीस आहेत माझ्याकडे. पण या अंकासाठी लिहायला बसले आणि एकच गोष्ट पुढं येऊन बसली, ती हलेना. ती रंगतदार नाही. ती आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली निम्मी आग माझ्या स्वतःवरची आहे.

आमच्या जिल्ह्याचा सिनेमा पिवळा असतो. तुम्ही पाहिला असेल. गाडी पुण्याहून निघते तोवर आभाळ निळं असतं. मराठवाडा आला की अख्खा पडदा कावीळ झाल्यासारखा होतो. माती पिवळी, घरं पिवळी, माणसांची तोंडं पिवळी. असं का करतात, तर पिवळा म्हणजे ऊन, ऊन म्हणजे दुष्काळ, दुष्काळ म्हणजे आम्ही. रंगानं मनावर परिणाम होतो हे खरंच आहे, मी त्याच्यावरच पोट भरलंय. म्हणूनच मला ठाऊक आहे की पडद्यावर एखादा मुलूख सारखा एकाच रंगात दाखवला की बघणाऱ्याच्या मनात तो मुलूख तेवढाच उरतो. मी बीडची आहे म्हटलं की लोक माझ्याकडे कसे बघतात ते मी तीस वर्षं पाहिलंय. जणू मी आत्ताच रिकामी घागर खाली ठेवून आलेय.

तर असाच एक सिनेमा आला. दिग्दर्शक निनाद, तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड, वागायला नम्र. मला रशिदाताई म्हणायचा. गोष्ट दुष्काळी गावाची. आष्टी तालुक्यातलं एक गाव ठरलं. मला वाटलं, आपल्या जिल्ह्यात काम आहे, जाऊ या. तेव्हा मी काम जवळजवळ थांबवत आणलं होतं.

दुष्काळाचा सिनेमा, पण नायकाच्या तारखा मिळाल्या दिवाळीच्या सुट्टीच्या. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. आम्ही गावात पोचलो तर शिवार हिरवंगार. तूर कमरेला लागलेली, बांधावर गवत, ओढ्याला पाणी. ऊसतोडीला जाणारी माणसं अजून घरीच होती, दिवाळी झाली की निघणार होती, त्यामुळं गावही भरलेलं. मला इतकं बरं वाटलं. निनाद मात्र गाडीतून उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे फार हिरवं आहे," तो म्हणाला.

जणू गावानं त्याला फसवलं होतं. सरपंच बाजूला उभे होते. ते हसून म्हणाले, "औंदा पाऊस लई चांगला झाला ना, साहेब." निनादनं मान हलवली, पण त्याला ते वाक्य ऐकूच आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीच्या दिवशी सगळं युनिट गाड्या करून कपिलधारला गेलं. धबधबा जोरात कोसळत होता. सगळ्यांनी त्याच्यापुढं भिजत फोटो काढले, निनादनंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत पाण्यासाठी वणवण करणाऱ्या बायकांचं दृश्य मांडायला लागलो. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गावातल्या शाळेच्या दोन खोल्या आम्हाला कपड्यांसाठी दिल्या होत्या. फळ्यावर निनादनं एक तक्ता चिकटवला होता. त्यात सहा रंग. माती, राख, खाकी, गंज, वाळलं गवत, मळका पांढरा. खाली लाल पेनानं लिहिलं होतं, हिरवा बंद, गुलाबी बंद, निळा बंद. डोंगर आणि शेतं टाळून कॅमेरा लावता येत होता. माणसं टाळता येत नव्हती. आमच्या बायका तर नेसतात पोपटी, राणी, जांभळं, शेंदरी. उसाच्या फडात वाकून काम करणारी बाई लांबून ओळखू यावी असे तिचे रंग असतात. त्या रंगांना सिनेमात जागा नव्हती. मी पुण्याहून चाळीस साड्या मळवून आणल्या होत्या. गर्दीतल्या बायका सकाळी यायच्या, स्वतःच्या साड्या सोडून आमच्या नेसायच्या, संध्याकाळी परत आपल्या नेसून जायच्या. त्या हसायच्या. "बाई, ह्या साड्या कुठं घावल्या तुमाला? इतक्या वंगाळ तर आमच्यात गोधडीला पन लावत न्हाईत."

मी पण हसायचे.

गयाबाई तिसऱ्या दिवशी आल्या. पन्नाशी ओलांडलेली, काटक, उंच बाई. नऊवारी नेसलेल्या. आणि तो हिरवा. सुती इरकल, काठ तांबडा, अंगभर हिरवं. पोपटी नाही, बाटलीचाही नाही. तुरीच्या शेंगेत दाणा भरला की जो येतो तसा. मी रंगाऱ्याची मुलगी, माझी नजर माणसाआधी कापडावर जाते. मी म्हटलं, "गयाबाई, लुगडं फार सुरेख आहे."

"माझं मी घेतलंय," त्या म्हणाल्या.

निनादला त्यांचा चेहरा आवडला. नायक गावात येतो तेव्हा डोक्यावर घागर घेऊन समोरून एक बाई जाते, ती ह्याच हव्यात, म्हणाला. पण माझ्या चाळीसही साड्या पाचवारी. गयाबाईंनी गोल साडी जन्मात नेसली नव्हती आणि नेसणार नव्हत्या. निनादलाही नऊवारीच हवी होती, कासोट्याची चाल वेगळी दिसते म्हणून. नऊवारी माझ्याकडे नव्हती. चूक माझी, मी मोजून आणायला हव्या होत्या.

"मग हीच टोन डाऊन करा," निनाद म्हणाला.

म्हणजे रंग मारा. मी गयाबाईंना शाळेच्या खोलीत नेलं आणि म्हटलं, "लुगड्यावर जरा माती फवारावी लागेल. मातीच आहे, धुतल्यावर जाईल."

त्या क्षणी मी खरं बोलत होते. मुलतानी माती आणि गेरूचं पाणी, एवढाच माझा विचार होता.

त्यांनी लुगडं सोडलं आणि आमच्या गादीवरची चादर गुंडाळून बाकावर बसल्या. मी लुगडं पसरलं. हाताला चांगलं जड लागत होतं. तेव्हा त्या आपणहून बोलायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"मालक गेले तवा माझं वय असंल पस्तीस. उसाच्या ट्रॅक्टरखाली गेले. दहावं झालं आन् सासूनं अन् दिरानं माझी पेटी उघडली. हिरवं, तांबडं समदं काढून नंदंला देऊन टाकलं. मला ठिवलं राखाडी आन् ते मेलं तपकिरी. अकरा वर्सं नेसले. कुनी म्हन्लं न्हाई की नेस, कुनी म्हन्लं न्हाई की नको नेसू. ते तसंच असतंय. मंग एक दिस बाजारला गेलते आष्टीला. मिरच्या घ्यायला. दुकानात हे टांगलेलं. म्हन्लं, दे."

"घरी काय म्हणाले?"

"दीर आठ दिस दारावरून गेला न्हाई. बायका बोलायच्या बंद झाल्या. वाडीतली एक म्हातारी तर थुकली. म्या नेसायचं सोडलं न्हाई. वरीस गेलं, मंग गपले समदे." त्यांनी चादर खांद्यावर सारखी केली. "आता तेच्याकडं कुनी बघत न्हाई. झालं ते माझं."

मी हे सगळं ऐकलं. हे नीट लक्षात ठेवा. माझ्या कानांनी मी हे ऐकलं, आणि मग मी जे केलं ते केलं.

मातीचं पाणी मारलं, लुगडं मळकट झालं, गयाबाई नेसून कॅमेऱ्यापुढं गेल्या. निनादनं छोट्या पडद्यावर पाहिलं. "ताई, हिरवा अजून ओरडतोय." मी पुन्हा मारलं. पुन्हा तेच. सुती कापडावर माती वाळली की झडते आणि रंग खालून डोकावतो. ऊन उतरायला लागलं होतं. सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. निनाद माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, डायच करून टाका ना. मला इथं, सेटवर, तो मूड दिसला पाहिजे. त्याशिवाय मला शॉट घेता येत नाही."

मी म्हटलं, "पक्का रंग निघत नाही. त्यांचं स्वतःचं लुगडं आहे."

"आपण त्यांना नवं घेऊन देऊ. दोन देऊ."

मी त्याला लुगड्याची गोष्ट सांगू शकले असते. दोन मिनिटांचं काम होतं. मी सांगितली नाही. तीस वर्षांत मला कुणी 'रशिदाताईंमुळं शॉट अडला' असं म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. दुसरं शोधलं तर सापडत नाही.

गयाबाई परत चादरीत बसल्या. शाळेच्या मागं चुलीवर पाण्याचा पिंप उकळत होता. मी तपकिरी रंग घातला, मीठ घातलं, आणि लुगडं आत सोडलं. हिरव्यावर तपकिरी चढताना मधे एक क्षण काळपट तांबूस येतो, मग सगळंच बसतं. लाकडानं ढवळत मी अर्धा तास उभी होते. काठासकट सगळं शेणामातीचं झालं. घाईनं पिळून, दोन बाजूंनी इस्त्री मारून मी ते आत नेलं.

गयाबाईंनी ते हातात घेतलं. उलटं करून पाहिलं. कापड आतून बाहेरून सारखंच झालं होतं.

"धुतल्यावर जाईल ना, बाई?"

"जाईल," मी म्हणाले.

शॉट दुसऱ्या झटक्यात झाला. निनादनं टाळ्या वाजवल्या. गयाबाई घागर घेऊन चार पावलं चालल्या, तेवढंच काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेच्या दारात उभ्या. अंगावर जुनं राखाडी लुगडं, हातात पिशवी. पिशवीतून ते ओलं लुगडं काढून त्यांनी बाकावर ठेवलं.

"चार डाव धुतलं. हापशावर, वड्यावर. साबन संपली. जात न्हाई."

मी काठ उलटून पाहिला.

"काल सांजच्याला दीर घरी आला. लई वर्सांनी आपल्या पायानं आला. म्हन्ला, वैनी, बरं झालं. शिकल्या-सवरल्या शिनेमावाल्यांना बी कळतंय रांडव बाईनं काय नेसावं. म्हन्ला, देवानंच हिरवा उतरवला."

ही गोष्ट मी पुष्कळदा मनात घोळवली आहे. त्या बाईनं अकरा वर्षं सोसून आणि वर एक वर्ष गावाशी झगडून जे मिळवलं, ते आम्ही अर्ध्या तासात काढून घेतलं. अशाच बायकांवर अन्याय होतो म्हणून हळहळणारा सिनेमा करायला आलेले आम्ही. सिनेमात विधवेच्या हालाचं एक दृश्यसुद्धा होतं.

गयाबाई सरळ निनादकडे गेल्या. तो खुर्चीत बसून चहा पीत होता. उठून उभा राहिला, नमस्कार केला. नम्र होता, म्हटलं ना.

"तुमच्या शिनेमात दुष्काळ हाय तर ऱ्हाऊ द्या. माझ्या अंगावर का म्हून आनला?" त्या म्हणाल्या.

त्याला कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी सांगितलं. सगळं सांगितलं, पेटी, दीर, अकरा वर्षं. त्याचे डोळे चमकले. देवाशपथ सांगते, चमकले. म्हणाला, "ताई, हे काय जबरदस्त आहे. हे सिनेमात घ्यायला हवं होतं." मग त्यानं एकाला गाडी घेऊन आष्टीला पाठवलं. दुपारी दोन हिरव्या साड्या आल्या, नायलॉनच्या, झगझगीत. गयाबाईंनी त्यांना हात लावला नाही. त्यांनी आपलं राखाडी लुगडं सावरलं आणि घरी गेल्या. ते तपकिरी बाकावरच राहिलं.

ते घेऊन मी बीडला गेले, भावाकडं. सलीमनं अब्बांची भट्टी चालू ठेवलीय, आता तिथं बहुतेक शाळेचे गणवेश आणि मंडपाची कापडं येतात. त्यानं लुगडं उजेडात धरलं, दाताखाली कोपरा धरून ओढून पाहिला, आणि म्हणाला, "आपा, ये निकलता नै. हायड्रो मारेंगे तो निकलेगा, लेकिन उसके साथ हरा भी जाता."

हायड्रो म्हणजे रंग काढायची पावडर, डोळे झोंबतील असा वास येतो. ती नवा रंग आणि जुना रंग असा भेद करत नाही. तरी आम्ही मारली. लुगडं ताकासारखं फिक्कं झालं. मग मी हिरवा करायला बसले. नमुना काहीच नव्हता, मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा ठेवता येत नाही. डोळ्यांत होता तेवढाच. पिवळा, निळा, कणभर काळा. चिंधी बुडवायची, वाळवायची, उन्हात न्यायची, परत. दोन दिवस गेले. शेवटी सलीम म्हणाला, "आपा, बस. अब्बा भी इससे अच्छा नै करते थे." हिरवा चढू नये म्हणून काठ बांधून घेतला होता, पण त्याचा तांबडा आधीच हायड्रोत गेला तो गेलाच, गाजराच्या किसासारखा होऊन बसला. त्यावर तांबडा मी ब्रशनं हातानं भरला, दोन्ही बाजूंनी, नऊ वार.

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम आहे. मी ते घेऊन गावी गेले. शूटिंग संपलं होतं. गयाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. त्यांनी लुगडं उलगडलं, काठावरून बोट फिरवलं.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "पर हा हिरवा तुमचा हाय. माझा मी घेतलता."

घडी घालून त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. तेव्हा 'निघत नाही हे मला आधीच ठाऊक होतं' एवढं तरी बोलायला हवं होतं. त्यांच्या समजुतीनं माझा अंदाज चुकला होता. तो समज मी तसाच ठेवून पुण्याला परत आले.

पुढच्या वर्षी सिनेमा तयार झाला. पुण्यात युनिटसाठी आणि पाहुण्यांसाठी एक खेळ ठेवला होता. दिवे गेले, आणि पडदा पिवळा झाला. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. तूर पिवळी, बांधावरचं गवत पिवळं, डोंगर भाजलेले. ज्या कडुलिंबाखाली आम्ही जेवायला बसायचो, ज्याची पानं ताटात पडायची, तो लिंब वाळून कोळ झाला होता. गयाबाई आल्या आणि गेल्या. चार पावलं. लुगड्याचा रंग मातीत मिसळून गेला होता, बाई आहे की बांध आहे ते कळू नये.

मध्यंतरात मी कॅमेरामनला गाठलं. म्हटलं, "हे झाड असं कसं झालं?"

"कॉम्प्युटरवर, ताई. शूटिंगनंतर सगळ्या सिनेमाचा रंग तिथंच बसवतात. हिरवा तेवढा निवडायचा आणि पाहिजे तिकडे सरकवायचा. काहीच नाही त्यात."

"लुगडं असतं तर?"

"लुगडं काय, काहीही."

"एका दृश्यातलं, एका बाईचं?"

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हल्ली असं करतात हे कानावर होतं. पण इतकं सोपं असेल, आणि ते करायचंच आधीपासून ठरलेलं असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग तो पिंप कशासाठी उकळला? तर निनादला त्या दिवशी, त्या वेळी, समोर मूड दिसायला हवा होता म्हणून. बाकी काही नाही.

खेळ संपल्यावर निनाद आणि दोघे-तिघे व्यासपीठावर बसले. पाहुण्यांतून एक बाई उठल्या, म्हणाल्या, "मराठवाड्याचं दाहक वास्तव तुम्ही रंगांतून काय पकडलंय." निनाद रंगांबद्दल बोलला, छान बोलला. मातीचा रंग माणसांच्या अंगावर कसा चढत जातो, असं काहीतरी.

मी माईक मागितला नाही. उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "गाव हिरवं होतं. मी तिथं होते. आणि मातीचा रंग अंगावर चढला नव्हता, मी चढवला. पिंपात मीठ घालून." आणि गयाबाईंची गोष्ट सांगितली. लहान करून, पण सांगितली.

सभागृहात कुणी खोकलं. निनाद म्हणाला, "रशिदाताई आमच्या टीममध्ये फार सीनिअर आहेत, त्यांचं कॉन्ट्रिब्यूशन..." आणि टाळ्या पडल्या. माझ्यासाठी. मग पुढचा प्रश्न आला, संगीताबद्दल.

त्यानंतर त्या मंडळींकडून मला काम आलं नाही. मी मागितलंही नाही. पण घरी आल्यावर एक गोष्ट मला टोचत राहिली. मी परक्या दोनशे लोकांपुढं उभी राहून खरं बोलले होते. ज्या बाईशी खोटं बोलले, तिला अजून सांगितलं नव्हतं. ते जास्त अवघड होतं म्हणूनच आधी सोपं केलं.

तेही लगेच जमलं नाही. गुडघ्याचं निमित्त झालं, सलीमच्या मुलीच्या लग्नाचं झालं. यंदा पोळ्याच्या आधी मी आष्टीची गाडी धरली.

गयाबाई अंगणात शेळीला पाला टाकत होत्या. अंगावर हिरवं लुगडं. नवं. काठ यावेळी जांभळा. मला बघून त्यांनी हात झटकले आणि बाज पुढं सरकवली.

"हे कधी घेतलं?" मी विचारलं.

"तुमी ते माघारी घिऊन गेल्या त्याच आठवड्याच्या बाजारी. दिरानं परत त्वांड वाजीवलं. पर पैल्या डावाला माझी अकरा वर्सं गेलती. ह्या डावाला आठ दिस लागले."

मी बाजेवर बसले. पाणी प्याले. मग सांगितलं. म्हटलं, "गयाबाई, तुम्ही मला विचारलं होतं, धुतल्यावर जाईल का. मी जाईल म्हणाले. तो रंग जाणारा नव्हता. रंगात हात घालायच्या आधीपासून मला ठाऊक होतं. चूक झाली नव्हती माझी. मी खोटं बोलले."

त्या शेळीची दोरी सोडवत होत्या. गाठ सुटली.

"मला तवाच कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "रंगाऱ्याच्या घरच्या तुमी. तुमाला ठावं नसंल व्हय?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी सांगताव का बघत व्हते."

त्यांनी दोरी हाताला गुंडाळली, शेळीला पुढं घातलं आणि शेताच्या वाटेला लागल्या. चार पावलांवर थांबून मागं बघितलं.

"लई दिस लावले, बाई."